एडिनबराहून एका दिवसात: नॉर्थ बेरिक लॉ आणि भोवतालचा किनारा

एडिनबरात नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत कुणीतरी आर्थर्स सीट या शहरातल्या डोंगरावर नेतंच. त्यानंतर प्रश्न पडतो, आता कुठे? गाडी नाही, हायलँड्सला जायला सलग सुट्टी नाही, आणि भारतातून आई-बाबा आलेले असतील तर त्यांना फार दमवायचंही नाही. मला कुणी विचारलं की मी नॉर्थ बेरिकचं नाव घेते. ट्रेनने अर्ध्या तासावर समुद्राकाठचं गाव, गावाच्या पाठीशी एकटा उभा असलेला डोंगर, समोर पक्ष्यांनी पांढरं झालेलं बेट आणि पूर्वेला कड्यावरचा किल्ला. सगळं एका दिवसात बसतं.

नॉर्थ बेरिक लॉ हा डोंगर जेमतेम १८७ मीटर उंच आहे. सिंहगड पायथ्यापासून चढलेल्या माणसाला हा आकडा वाचून हसू येईल. पण इथे दमछाक उंचीने होत नाही, वाऱ्याने होते. आणि दिवस बिघडतो तो बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे: आधी डोंगर, मग जेवण, मग बोट, मग किल्ला, असं घरी बसून कागदावर ठरवायचं आणि तिथे गेल्यावर ओहोटी उलट्या वेळेला, बोट भरलेली, माथ्यावर धुकं. म्हणून हे लिहिताना मी ठिकाणांपेक्षा क्रमाकडे जास्त लक्ष दिलंय.

निघण्याआधी

आदल्या रात्री तीन गोष्टी बघा: वारा, भरती-ओहोटी आणि बोट.

वाऱ्यासाठी मेट ऑफिसच्या अंदाजात नुसता वेग बघू नका, झोतांचा वेग बघा. तो ताशी ४० मैलांच्या वर असेल तर माथ्याचा बेत सोडून द्या, किमान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असताना तरी. माथा उघडा आहे, आडोसा म्हणजे पडक्या भिंतींचा. त्या दिवशी किल्ला आणि गाव करा.

भरती-ओहोटीच्या वेळा ‘नॉर्थ बेरिक’ असं शोधलं की लगेच मिळतात. पुळणीवर लांब चालायचं असेल किंवा खडकांतल्या डबक्यांत मुलांना खेकडे दाखवायचे असतील, तर ओहोटीच्या अलीकडचे-पलीकडचे दोन तास त्यासाठी राखून ठेवा. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण पुण्या-नागपूरकडच्यांना सांगावं लागतं: पाणी चढायला लागल्यावर खडकांच्या टोकाला थांबू नये.

बोट म्हणजे बास रॉक बेटाभोवतीची फेरी. ती साधारण ईस्टरपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत चालते आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारची तिकिटं आधीच संपतात. बोटीचं आरक्षण मिळालं की ती वेळ खुंटीसारखी धरा आणि बाकी सगळं तिच्या आजूबाजूला बसवा. लाटा मोठ्या असतील तर फेरी रद्द होते, त्यामुळे सकाळी ईमेल बघूनच घर सोडा.

आणखी एक चौथी गोष्ट आहे, ती अंदाजात नेहमी सापडत नाही. तिला इथे ‘हार’ म्हणतात. वसंत ऋतूत आणि उन्हाळ्यात उबदार हवा थंड उत्तर समुद्रावरून आली की समुद्रावर दाट धुकं तयार होतं आणि पूर्वेच्या वाऱ्याबरोबर किनाऱ्यात शिरतं. किनाऱ्यापासून थोडं आत ऊन पडलेलं असतं आणि किनाऱ्यावर दहा पावलांवरचं दिसत नाही. गावातल्या स्कॉटिश सीबर्ड सेंटरचे, म्हणजे समुद्रपक्षी केंद्राचे, बेटांवर लावलेले कॅमेरे आहेत. निघण्याआधी त्यांचं चित्र मिळालं तर एकदा बघून घ्या. नुसतं पांढरं दिसलं तर दोन तास उशिरा निघा. हार कधी दुपारी विरते, कधी दिवसभर बसते.

ट्रेन

एडिनबरा वेव्हर्ली स्थानकावरून स्कॉटरेलची गाडी साधारण तासाला एक सुटते आणि ३५ मिनिटांच्या आत पोचवते. नॉर्थ बेरिक हे शेवटचं स्थानक, त्यामुळे उतरायचं राहून जाण्याची भीती नाही. तिकीट मागताना ‘बर्विक’ म्हणू नका, ‘बेरिक’ म्हणा. आणि फलकावर बेरिक-अपॉन-ट्वीड दिसलं म्हणून त्या गाडीत चढू नका. ते गाव इंग्लंडच्या हद्दीत आहे आणि तिकडची जलद गाडी मध्ये लवकर थांबत नाही. वेव्हर्लीवर गोंधळलेले पाहुणे नेमके त्याच गाडीकडे धावतात.

सप्टेंबर २०२५ पासून स्कॉटरेलने गर्दीच्या वेळेचं महाग तिकीट बंद केलं आहे, त्यामुळे सकाळी लवकर निघायला आता हात आखडायचं कारण नाही. जाताना डाव्या बाजूला बसा, प्रेस्टनपॅन्सच्या पुढे अधूनमधून समुद्र दिसतो. ड्रेम स्थानक सोडलं की मात्र उजवीकडे बघा. सपाट शेतांतून अचानक वर आलेला शंकूसारखा डोंगर दिसेल, तोच लॉ.

तो असा एकटा का उभा आहे याचं कारण सह्याद्री पाहिलेल्यांना लगेच पटेल. आपल्याकडे लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि त्यांचे डोंगर झाले. इथे उलट झालं. सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वीच्या एका ज्वालामुखीच्या नळीत लाव्हा गोठला, बाहेरचा मऊ खडक झिजून गेला आणि आतलं कठीण बूच तेवढं उरलं. पुढे हिमयुगात बर्फ पश्चिमेकडून आला, या बुचाला अडला आणि त्याच्या पूर्वेच्या आडोशाला मातीची उतरती शेपूट राहिली. माथ्यावरून ती शेपूट दिसते. बास रॉक, एडिनबराचा किल्ला ज्यावर आहे तो कातळ, हेही अशाच जातीचे.

डोंगर चढताना

स्थानकातून बाहेर पडून हाय स्ट्रीटवर या, तिथून दक्षिणेला लॉ रोड धरा. घरं आणि शाळा मागे पडल्या की डाव्या हाताला डोंगराच्या पायथ्याचं वाहनतळ लागतं. स्थानकापासून रमतगमत अर्धा तास. वयस्कर माणसांचे गुडघे दुखत असतील तर टॅक्सीने इथपर्यंत यावं आणि चालायची ताकद चढासाठी राखावी. डोंगरावर स्वच्छतागृह नाही, पाणी नाही, चहा तर नाहीच. हे सगळं गावात उरकून या.

फाटकातून आत गेलं की पायवाट आधी हळूहळू चढते आणि मग वळणं घेत तीव्र होते. मध्ये बऱ्याच चोरवाटा फुटतात. सरळ वर जाणारी वाट जवळची वाटते, पण तिथे माती सुटलेली असते आणि उतरताना पाय घसरतो. सगळ्यात रुळलेली वाट धरा. दक्षिणेच्या अंगाला जुनी खाण आणि कडे आहेत, त्या बाजूला शॉर्टकट शोधत जाऊ नका. सावकाश चढलं तरी माथा अर्ध्या-पाऊण तासात येतो.

बूट कसेही चालतील, पण तळ गुळगुळीत नको. पावसानंतर इथलं गवत शेवाळासारखं निसरडं होतं. छत्री घरी ठेवा. वारा ती पहिल्याच वळणावर उलटी करेल. टोपीचं जाकीट हवं, तेही आत गरम कपडा मावेल इतकं सैल. जुलैतसुद्धा. साडी किंवा ओढणी असेल तर माथ्याआधी नीट खोचून घ्या. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये.

वाटेत तपकिरी, ठेंगणी, पिठूळ नाकाची घोडी चरताना दिसतील. ती एक्समूर जातीची आहेत आणि मुद्दाम सोडलेली आहेत. दांडगं गवत ती खातात, त्यामुळे मधल्या रानफुलांना जागा मिळते. फोटो काढा, पण हात लावू नका आणि पोळीचा तुकडाही देऊ नका. माणसं खायला देतात हे कळलं की घोडी पिशवीच्या मागे लागतात आणि पुढच्या माणसाला त्रास होतो. कुत्रा बरोबर असेल तर दोरीला बांधा.

एप्रिल-मे महिन्यात गॉर्सची काटेरी झुडपं पिवळीधमक फुललेली असतात आणि उन्हात त्यांना चक्क खोबऱ्याचा वास येतो. वास घ्यायला वाकाल तेव्हा काटे सांभाळा. उंच गवतातून गेलात तर घरी गेल्यावर गोचीड बघा, विशेषतः गुडघ्यामागे आणि मोज्यांच्या कडेला. इथल्या गोचिडांमुळे लाइम रोग होऊ शकतो. चावलेली सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा, आणि नंतरच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरलं तर डॉक्टरकडे जा.

एक शंका बरेच जण विचारतात: इथे असं कुठेही चालायला परवानगी लागते का? नाही. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवरून जबाबदारीने चालण्याचा हक्क सगळ्यांना दिला आहे. फाटक जसं मिळालं तसं ठेवायचं, बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. पिकातून जायचं नाही. कुणाच्या घराच्या अंगणातून तर नाहीच.

माथ्यावर

वर पोचल्यावर पहिली नजर जाते ती देवमाशाच्या जबड्याच्या कमानीकडे. १७०९ पासून इथे देवमाशाच्या जबड्याची हाडं उभी असत, जुनी झिजली की नवी लावत. शेवटची हाडं कुजून धोकादायक झाली म्हणून २००५ मध्ये उतरवली. आता दिसते ती २००८ मध्ये हेलिकॉप्टरने आणून बसवलेली फायबरग्लासची प्रतिकृती. जवळून बघितलं तरी चटकन कळत नाही. तिच्यामध्ये उभं राहून फोटो काढायला रांग लागते, तेवढा वेळ आजूबाजूची पडकी बांधकामं बघून घ्या. दगडी आहे ते नेपोलियनच्या स्वारीच्या भीतीच्या काळातलं इशाऱ्याचं ठाणं, सिमेंटचं आहे ते दुसऱ्या महायुद्धातलं टेहळणीचं. त्यांच्याही आधी, लोहयुगात, या डोंगरावर तटबंदीची वस्ती होती. समुद्रावर नजर ठेवायची म्हटलं की प्रत्येकाला हाच माथा सापडला.

आता उत्तरेकडे तोंड करा. समोरचं रुंद पाणी म्हणजे फर्थ ऑफ फोर्थची खाडी, पलीकडची जमीन फाइफची. गावासमोर तीन छोटी बेटं, डावीकडून फिड्रा, लॅम्ब आणि क्रेगलीथ. उजवीकडे एकटा, उभ्या कड्यांचा, तो बास रॉक. त्याच्या मागे दूर आइल ऑफ मे. पश्चिमेला हवा स्वच्छ असेल तर आर्थर्स सीट ओळखू येतं आणि मागे पेंटलंडचे डोंगर. दक्षिणेला शेतांपलीकडे ट्रेप्रेन लॉ आणि लॅमरम्यूरची रांग.

बास रॉकचा फोटो हवा असेल तर दुपारनंतर चढा, कारण तो ईशान्येला आहे आणि दुपारचं ऊन त्याच्यावर सरळ पडतं. सकाळी तो काळपट दिसतो. बोट सकाळची असेल तर हा क्रम आपोआप जुळतो: आधी बेट जवळून, मग वरून.

बास रॉक

वरून बेट पांढरं दिसतं ते बर्फाने नाही. निम्मा रंग पक्ष्यांचा, निम्मा त्यांच्या विष्ठेचा. उत्तरी गॅनेट या मोठ्या समुद्रपक्ष्यांची ही जगातल्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी एक, आणि या पक्ष्याच्या शास्त्रीय नावातच बास आहे: मोरस बासानस. फेब्रुवारीच्या सुमारास ते परत येऊ लागतात आणि ऑक्टोबरपर्यंत निघून जातात. म्हणजे डिसेंबरात गेलात तर पांढरं बेट दिसणार नाही, काळा कातळच दिसेल.

२०२२ च्या उन्हाळ्यात बर्ड फ्लूने इथे हाहाकार केला. २०१४ च्या मोजणीत ७५ हजारांहून जास्त घरटी होती, २०२३ मध्ये ती ५२ हजारांच्या आसपास आली. आजारातून वाचलेल्या काही पक्ष्यांची फिकट निळी बुबुळं काळी पडली. बोटीतून दुर्बिणीने बघताना काळ्या डोळ्याचा गॅनेट दिसला तर तो काय सोसून आलाय ते तुम्हाला कळेल.

बोटीत एवढं करा: उघड्या बोटीत सगळ्यांत जाड कपडे, डोक्यावर धुता येईल अशी टोपी, आणि उलटीचा त्रास असेल तर गोळी अर्धा-एक तास आधी. बेटाजवळ गेलं की आधी वास येतो, मग आवाज. नाक मुरडायच्या आत वर बघा. गॅनेटाच्या पंखांचा विस्तार जवळजवळ दोन मीटर, टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी, डोकं फिकट पिवळं. मासा दिसला की तो हवेतल्या हवेत वळतो, पंख मागे मिटत जातो आणि पाण्यात घुसतो. ताशी १०० किलोमीटरच्या जवळपास जाणाऱ्या वेगाने. चेहऱ्याच्या आणि छातीच्या कातडीखाली हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे आदळण्याचा मार त्याला लागत नाही. पफिन बघायचे असतील तर क्रेगलीथकडे लक्ष ठेवा, एप्रिल ते जुलै. हे पक्षी फोटोंमुळे मोठे वाटतात, प्रत्यक्षात कबुतराएवढेच असतात, म्हणून दुर्बीण हवीच.

१९०२ च्या दीपगृहाखाली जुन्या किल्ल्याचे अवशेष दिसतात. जंजिरा-सिंधुदुर्ग पाहिलेल्यांना त्याची गोष्ट आवडेल. १६९१ मध्ये इथे कैदेत असलेल्या चार जॅकोबाइट (पदच्युत राजा सातव्या जेम्सच्या बाजूच्या) अधिकाऱ्यांनी पहारेकरी बाहेर असताना दार आतून लावून घेतलं आणि किल्लाच ताब्यात घेतला. १६९४ पर्यंत त्यांनी तो राजाच्या आरमाराला दिला नाही. सांगतात, की बोलणी करायला आलेल्यांसमोर त्यांनी उरलेली उत्तम दारू मांडली आणि तटावर बंदुकांना टोप्या-कोट चढवून शिबंदी मोठी असल्याचा देखावा केला. अटी मनासारख्या मिळाल्या.

गावात जेवण

बंदराजवळ सीबर्ड सेंटर आहे, पावसात मुलांना तिथे न्या. त्याच्या शेजारी जुन्या सेंट अँड्र्यूज चर्चचा पांढरा द्वारमंडप तेवढा उरलाय. राजा सहावा जेम्स डेन्मार्कहून राणीला घेऊन येताना वादळात सापडला आणि ते वादळ चेटकिणींनी उठवलं, त्या याच चर्चमध्ये जमल्या, असा आरोप १५९० मध्ये झाला. छळ करून कबुल्या घेतल्या आणि अ‍ॅग्नेस सँपसनसारख्यांना मारलं. बहुतेक लोक आइस्क्रीम खात या भिंतीला टेकून बसतात. फलक वाचायला एक मिनिट लागतं.

मासे खाणाऱ्यांची इथे चंगळ आहे. शाकाहारी असाल तर नुसते चिप्स मागवण्याआधी विचारा की कशात तळले आहेत. स्कॉटलंडमध्ये काही ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात, आणि तेल वापरलं तरी त्याच कढईत मासे तळलेले असू शकतात. विचारण्यात संकोच नको, त्यांना या प्रश्नाची सवय आहे. काउंटरवर ‘सॉल्ट अँड सॉस?’ असं विचारतील. हा सॉस म्हणजे पातळ, तपकिरी, आंबट. टोमॅटो केचप नव्हे. नको असेल तर व्हिनेगर मागा. माझं मत विचाराल तर घरून पराठे आणि थर्मासमध्ये चहा न्यावा आणि बंदराच्या भिंतीआड बसावं. मात्र सीगल पक्ष्यांकडे पाठ करून खाऊ नका. ते मागून येतात आणि पुडीसकट नेतात.

पूर्वेला किल्ला, पश्चिमेला पुळण

दुपार उरली असेल तर दोन्हींपैकी एक निवडा. दोन्ही करायला गेलात तर धावपळच होईल.

टँटॅलन किल्ला गावाच्या पूर्वेला सुमारे पाच किलोमीटरवर आहे. चालत जायचा मोह होईल, पण रस्ता अरुंद, गाड्या वेगात आणि पदपथ सलग नाही. डनबारकडे जाणारी बस घ्या आणि परतीच्या बसची वेळ उतरतानाच टिपून ठेवा, कारण ती क्वचित असते. चौदाव्या शतकात डग्लस घराण्याने हा बांधला. तीन बाजूंना समुद्राचे कडे असल्यामुळे त्यांनी जमिनीच्या बाजूला एकच प्रचंड भिंत उभारली, लालसर दगडाची, सुमारे १५ मीटर उंच आणि साडेतीन मीटरहून जाड. १६५१ मध्ये इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या सैन्याच्या तोफांनी तो निकामी झाला. तटावरून बास रॉक अगदी समोर येतो, डोंगरावरून दिसतो त्यापेक्षा कितीतरी जवळ. दगड तपासणीसाठी काही भाग बंद असू शकतो, तेव्हा आधी संकेतस्थळ बघा. गाडी असेल तर पुढे सीक्लिफची पुळण आहे, प्रवेशाला पैसे भरून अडसर उघडतो. तिथे १८९० मध्ये कातळ कोरून केलेलं इवलंसं बंदर आहे, दोन-चार होड्यांपुरतं. बस मात्र थेट तिथे जात नाही.

पुळणीवर चालायचं असेल तर गावातून पश्चिमेला, यलोक्रेगकडे. ओहोटीला वाळूवरून साधारण चार किलोमीटर, समोर फिड्राचं दीपगृह. सुरुवातीला बाजूने वेस्ट लिंक्सचं गोल्फ मैदान लागतं, क्लब १८३२ चा. तिथून जाताना कुणी चेंडू मारायच्या पवित्र्यात असेल तर थांबा, त्याचा चेंडू जाऊ द्या, मग ओलांडा. ‘फोर!’ अशी आरोळी आली तर बघत बसू नका, डोकं झाका आणि वाका. ही वाट काही अंतर जॉन म्यूर वेबरोबर जाते. हेलेन्सबरापासून डनबारपर्यंत २१५ किलोमीटरची ही पायवाट २०१४ मध्ये खुली झाली. निसर्गरक्षणासाठी अमेरिकेत नाव काढलेले म्यूर डनबारचेच, १८३८ चा जन्म. यलोक्रेगहून आत डर्लटन गावात जा, तिथून परतीची बस मिळते.

पोहायचं म्हणाल तर ऑगस्टातही पाणी १५ अंशांच्या आतबाहेर असतं. लहान मुलांना पूर्वेच्या पुळणीवरच्या भिंत घातलेल्या तलावात सोडा, भरतीचं पाणी त्यात साठतं आणि लाटा येत नाहीत. डोंगरावर कुणी पडलं तर ९९९ लावून पोलीस आणि माउंटन रेस्क्यू मागा, किनाऱ्यावर किंवा पाण्यात काही झालं तर कोस्टगार्ड.

हिवाळ्यात जाणार असाल तर डिसेंबरात सूर्य पावणेचारच्या आत मावळतो, तेव्हा डोंगर आधी आणि किल्ला सोडून द्या. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा उलट करता येतं: दिवसभर किनारा, संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर डोंगर. फक्त परतीची शेवटची गाडी उजेडाला भुलून चुकवू नका. उन्हाच्या रविवारी पाच-सहाच्या गाड्यांना अख्खी पुळण एकदम लोटते, दहा मिनिटं आधी फलाटावर पोचलात तर बसायला जागा मिळेल.